लिफ्टने सासूबाई पडल्या. भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. गेल्या महिन्यात लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली, दार उघडलं आणि सासूबाई ठेचकाळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सोसायटी म्हणते, देखभालीचं कंत्राट दिलंय, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, बघून पाऊल टाकायचं. — एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा, चूक त्यांची नाही. दार उघडलं की समोर जमीन सपाट असणार, हे कोणीही धरूनच चालतो. कंत्राट दिलं म्हणून सोसायटीला हात झटकता येत नाहीत. लिफ्ट तिच्या ताब्यात आहे. दोघांनाही एकाच नोटिशीत घ्या, म्हणजे टोलवाटोलवी थांबेल.

पण त्याआधी, आजच, सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या : त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, लिफ्टच्या दुरुस्तीच्या नोंदी द्या. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. 'लिफ्ट नीट थांबत नाही' अशी आधी कोणी तक्रार केली असेल, तर तो कागद सोन्यासारखा.

लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. अपघात विद्युत निरीक्षकांना (लिफ्ट तपासणारे सरकारी अधिकारी) कळवला का आणि त्रयस्थ व्यक्तींचा विमा (लिफ्टमध्ये इजा झालेल्यांना भरपाई देणारा) आहे का, हे सोसायटीला विचारा.

मागणीत फक्त हॉस्पिटलचं बिल नको. फिजिओथेरपी, घरी ठेवलेली बाई, सोसलेल्या वेदना, सगळं मांडा. ग्राहक आयोगात जायचं तर मुदत २ वर्षांची. वकिलाची फी परवडत नसेल, तर मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.