वॉल्टर टल : पदक, अधिकारपद आणि बटालियनचा घोळ

प्रश्न : पहिल्या महायुद्धात मारला गेलेला इंग्लिश फुटबॉलपटू वॉल्टर टल याला 'मिलिटरी क्रॉस' मिळाला आणि तो ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी होता, असं वाचलं. पदकविजेत्यांत मात्र त्याचं नाव सापडत नाही. शिवाय त्याच्या बटालियनच्या नोंदी त्याच्या मृत्यूआधीच संपतात. असं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पदक त्याला मिळालं नाही. इटलीत पियावे नदीपलीकडे त्यानं रात्री २६ जणांची तुकडी नेली आणि सगळ्यांना सुखरूप परत आणलं. त्याबद्दल मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी वाखाणणी केली. पदकासाठी शिफारस झाल्याचं त्याच्या मृत्यूनंतर भाऊ एडवर्डला आलेल्या पत्रात होतं. शिफारस म्हणजे पदक नव्हे. घोळ तिथेच होतो.

'पहिला' हेही बरोबर नाही. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड १९१५ मध्येच तोफखान्यात अधिकारी झाला होता. टलला अधिकारपद मिळालं ३० मे १९१७ रोजी. पण त्यामुळे टलचं मोल तसूभरही कमी होत नाही. बार्बाडोसहून आलेल्या सुताराचा हा मुलगा अनाथाश्रमात वाढला, १९०९ मध्ये टॉटनहॅमकडून पहिल्या श्रेणीत खेळला. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांतल्या एका टोळक्यानं त्याला रंगावरून घाणेरड्या शिव्या घातल्या. पुढे नॉर्थॅम्प्टनसाठी तो शंभराहून अधिक सामने खेळला. कृष्णवर्णीयांच्या अधिकारपदाला तेव्हाच्या लष्करी नियमांची आडकाठी होती. ती असतानाही तो अधिकारी झाला, हे विसरू नये.

आता बटालियन. डिसेंबर १९१४ मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या १७व्या, म्हणजे 'फुटबॉल' बटालियनमध्ये भरती झाला. बहुधा तुम्ही तिचीच रोजनिशी पाहिलीत. ती बटालियन फेब्रुवारी १९१८ मध्ये मोडीत निघाली. अधिकारी झाल्यावर टल २३व्या बटालियनमध्ये गेला होता, तेव्हा मार्च १९१८ साठी तिची रोजनिशी काढा. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धरोजनिशा 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत असतात, अधिकाऱ्यांच्या फायली बहुतेक 'डब्ल्यूओ ३३९' मध्ये. त्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या विनामूल्य शोधयादीत नाव घालून हुद्दा, मृत्यूची तारीख आणि स्मारक पक्कं करून घ्या. साध्या शिपाई-खेळाडूंचा शोध जास्त अवघड, कारण त्यांच्या सेवापुस्तिकांचा मोठा भाग सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. त्यांच्यासाठी पदकांची सूचिपत्रं, 'डब्ल्यूओ ३७२', पाहा.

कबर मात्र शोधू नका. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये फाव्रय गावाजवळ, जर्मनांच्या वसंतातल्या चढाईत माघार घेताना तो पडला. लेस्टरचा पूर्वीचा गोलरक्षक टॉम बिलिंगहॅम यानं त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला, पण शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला होता. मृतदेह मिळाला नाही. त्याचं नाव आरासच्या स्मारकावर कोरलेलं आहे.