टार्गेट सगळ्यांचं, इंधन ज्याचं त्याचं

तुझा ड्राफ्ट वाचला. युरोपात एनर्जी आणि क्लायमेटचं धोरण ब्रुसेल्सनं, म्हणजे युरोपियन युनियननं ठरवावं की ज्या त्या देशानं, यावर पानंच्या पानं लिहिलीस आणि शेवटी 'दोन्हींत बॅलन्स हवा' असं म्हणून विषय मिटवलास. अरे, हे कोणीही म्हणेल. तो बॅलन्स कोण ठरवतं, किती मतांनी ठरतो, आणि एखाद्यानं पाळलाच नाही तर काय होतं, हे तुझ्या ड्राफ्टमध्ये आलंच नाहीये आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी युनियनच्या कामकाजाच्या करारातलं (TFEU), लिस्बन करारानं आणलेलं कलम 194 नीट वाच, सारांश नको, मूळ वाच. एकाच कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यात. बाजार, पुरवठ्याची सुरक्षितता, रिन्यूएबल, देशादेशांमधल्या लाइन जोडणं हे सगळं युनियननं एकजुटीच्या भावनेनं करायचं, आणि लगेच खाली, कुठलं इंधन वापरायचं हा हक्क मात्र देशाचाच. मग कलम 192 बघ, पर्यावरणाचा कायदा जर देशाच्या इंधनाच्या निवडीवर मोठा परिणाम करणारा असेल तर मंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये एकमत लागतं, म्हणजे एक देशसुद्धा अडवू शकतो.

पोलंडनं हेच धरून कार्बन मार्केटमधल्या (कार्बन सोडायचे परवाने जिथे विकले-घेतले जातात) जास्तीचे परवाने बाजूला काढणाऱ्या नव्या राखीव साठ्याच्या नियमाला युनियनच्या कोर्टात आव्हान दिलं, आमचा कोळसा महाग होतोय तेव्हा एकमत घ्या म्हणून. 2018 साली हरले. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की इंधनाच्या निवडीवर परिणाम करणं हाच कायद्याचा मुख्य हेतू असेल तरच एकमत, नाहीतर प्रत्येक क्लायमेट कायद्याला तेच लागेल. आता याच पोलंडची दुसरी केस बघ. नॉर्ड स्ट्रीम या रशियाहून समुद्राखालून येणाऱ्या लाइनचा गॅस 2022 पर्यंत जर्मनीत पुढे नेणारी ओपल नावाची पाइपलाइन आहे, तिचा जास्त वापर गॅझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीला करू द्यायचा निर्णय कमिशननं (युनियनचा कारभार बघणारी संस्था) 2016 ला घेतला, पोलंड कोर्टात गेला, आणि इथे वापरला कोणता मुद्दा तर एकजुटीचा! पोलंड जिंकला, 2021 मध्ये त्यावरचं जर्मनीचं अपील फेटाळलं गेलं आणि एनर्जीतली एकजूट हे नुसतं भाषणातलं वाक्य नाही, कोर्टात तपासता येणारं तत्त्व आहे हे पक्कं झालं. म्हणजे स्वातंत्र्याची भाषा आणि एकजुटीची भाषा दोन्ही एकच देश बोलतो, केस बघून. आणि हे फक्त पोलंडचं नाही हं, 2022 च्या उन्हाळ्यात रशियाचा गॅस आटायला लागला तेव्हा सगळ्यांनी 15 टक्के वापर कमी करा असं ठरवायची वेळ आली, तर ज्यांचं रशियावाचून फारसं अडत नव्हतं ते स्पेन आणि पोर्तुगाल कुरकुरले, मग सवलती घालून ते ठरलं, एरवी स्वेच्छेचं, आणीबाणी जाहीर झाली तरच बंधनकारक. त्यामुळे कुठला देश 'युरोपवादी' आणि कुठला 'राष्ट्रवादी' असा जो तक्ता तू केलायस ना, तो काढून टाक.

विजेचं तर अजूनच वेगळं, कारण करंट सीमा बघत नाही. उत्तर जर्मनीतली पवनऊर्जा दक्षिणेकडे न्यायला देशातल्या लाइन कमी पडतात म्हणून ती पोलंड आणि चेकच्या ग्रिडमधून वळसा घालून जायची, त्यांनी वैतागून सीमेवर प्रवाह आवरणारे ट्रान्सफॉर्मर बसवले, आणि 2018 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनी-ऑस्ट्रियाचा एकत्र वीजबाजार वेगळा केला गेला. निर्णय एका देशाचा, परिणाम शेजाऱ्याच्या तारांवर.

पण म्हणून देशांच्या आवडीनिवडींना अडाणीपणा समजू नकोस, तुझ्या लिखाणात तो सूर थोडा लागलाय. ऑस्ट्रियानं त्स्वेन्टेनडॉर्फला अणुभट्टी पूर्ण बांधली आणि 1978 च्या जनमतात अगदी थोड्या फरकानं नको म्हटलं, ती कधी सुरूच झाली नाही. पुढे ब्रिटनच्या हिंकली पॉइंट या अणुप्रकल्पाला मिळालेल्या सरकारी मदतीविरुद्ध ऑस्ट्रिया कोर्टात गेला आणि 2020 मध्ये हरला, कारण अणुऊर्जा निवडायचा हक्कही देशाचाच. स्वतःला नको म्हणायचा हक्क आहे, शेजाऱ्याला नको म्हणायचा नाही. मला हे बरोबर वाटतं.

जे मला पटत नाही ते टार्गेटचं. 2020 साठी रिन्यूएबलचा 20 टक्के वाटा देशांत वाटून दिला होता, स्वीडनला 49, माल्टाला 10, आणि प्रत्येकाला बंधनकारक. 2030 साठी 42.5 टक्के आहे पण बंधन पूर्ण युनियनवर, देश आपापल्या प्लॅनमध्ये आपला वाटा लिहितात, कमिशन वाचून म्हणतं कमी आहे, वाढवा. न वाढवला तर? शिफारस, परत शिफारस. सगळ्यांची म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही असं होतं, आणि देशांची आवड जपायची ही किंमत मला जास्त वाटते. कार्बन मार्केट मात्र 2005 पासून चाललंय कारण तिथे भाव एकच, आणि परवाने विकून आलेल्या पैशातला काही भाग मॉडर्नायझेशन फंडातून गरीब सदस्य देशांकडे वळतो. पैशाचा हा धागा तू एका तळटीपेत उरकलायस, तो वर मुख्य मजकुरात आण.

पुढच्या ड्राफ्टला एकच देश घे, पोलंडच घे, त्याचा राष्ट्रीय प्लॅन आणि त्यावर कमिशननं दिलेला अभिप्राय शेजारी शेजारी ठेव, आणि काय वाढवायला सांगितलं नि त्यातलं खरंच काय वाढलं तेवढं लिहून पाठव, बाकी तुलना नंतर करू.