क्षार, लवण आणि आयनांची जोडी

शिरोड्याच्या एका वाचकांनी समुद्राच्या पाण्याच्या रसायनावरील टिपणाचे भाषांतर करताना पुढील वाक्य लिहिले आणि त्याविषयी विचारणा केली आहे: ‘क्षारांच्या तीव्र द्रावणात आयन-युगुले तयार होतात आणि त्यामुळे आम्ल-क्षार समतोल सरकतो.’ यात ‘क्षार’ दोनदा आला आहे, तो दोन्हीकडे एकाच अर्थाने आहे का, ‘तीव्र’ योग्य आहे का, आणि ‘युगुल’ बरे की ‘जोडी’, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. (आयन म्हणजे विद्युत प्रभार असलेला अणू किंवा अणुगट.)

पहिला ‘क्षार’ म्हणजे मिठासारखा पदार्थ आणि दुसरा म्हणजे आम्लाचा प्रतिपक्ष. एकाच वाक्यात एका शब्दाने दोन कामे केली आहेत, पण यात दोष भाषांतरकाराचा कमी आणि आपल्या परिभाषेचा जास्त आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी त्रयी शिकवली जाते, म्हणजे तिथे क्षार हे मीठ असते. मराठी विश्वकोशात मात्र अम्ल, क्षारक आणि लवण अशी मांडणी आहे, म्हणजे तिथे ‘क्षार’ आम्लाच्या विरुद्ध बाजूला जातो. आयुर्वेदाची परंपराही याच बाजूची आहे. सुश्रुतसंहितेतला क्षार हा वनस्पतींच्या राखेपासून काढलेला दाहक पदार्थ असून यवक्षार, सज्जीखार ही नावे त्याच कुळातली आहेत. शेतीच्या मराठीत पुन्हा उलट आहे. तिथे ‘क्षारयुक्त जमीन’ म्हणजे विरघळणाऱ्या मिठांचे प्रमाण वाढलेली जमीन, आणि सोडिअम वाढून सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलेल्या जमिनीला ‘चोपण’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्यामुळे माती परीक्षणाच्या अहवालात ‘क्षारयुक्त’ वाचून आपली खाडीकाठच्या खाजणाची जमीन आम्लधर्मी असणारच नाही, असा निष्कर्ष काढणारा शेतकरी फसू शकतो.

बोलीत तर ‘खार’ याहूनही मोकळा आहे. पापडखार अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा असतो, खाऱ्या बांगड्यातला खार निव्वळ मिठाचा असतो, आणि लोणच्याचा खार चक्क आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो. एकाच स्वयंपाकघरात तिन्ही सुखाने नांदतात, कारण घरातले कोणी व्याख्या मागत नाही. शास्त्रीय वाक्याला ही मोकळीक परवडत नाही.

म्हणून माझे मत असे की या टिपणात ‘क्षार’ मुळीच वापरू नये. मिठाच्या अर्थी ‘लवण’ घ्यावे आणि दुसऱ्या अर्थी ‘आम्लारी’. हे शब्द दोन वेगळ्या परंपरांतले आहेत हे खरे, पण प्रत्येकाचा अर्थ एकच आहे. ‘लवण’ संस्कृतप्रचुर वाटेल असा आक्षेप येऊ शकतो, पण ‘अळणी’ हे ‘अलवण’चेच रूप आहे आणि ‘लोणचे’ही याच घरातले आहे.

आता ‘तीव्र’. आम्लाच्या बाबतीत तीव्र आणि सौम्य हे शब्द त्याच्या स्वभावाविषयी आहेत, म्हणजे पाण्यात गेल्यावर ते आपला हायड्रोजन आयन कितपत सोडते याविषयी. किती पदार्थ विरघळला आहे यासाठी संहत आणि विरल हे शब्द आहेत. हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब बादलीभर पाण्यात टाकले तरी ते तीव्र आम्लाचेच, पण विरल द्रावण असते. आमटी खारट ढोण झाली तर ती संहत झाली, तीव्र नव्हे. ‘संहत’चा मूळ अर्थ दाटीने एकवटलेले असा आहे आणि तो इथे अक्षरशः लागू पडतो. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. हिशेब केला तर एक सोडिअम आणि एक क्लोराइड आयन मिळून पाण्याचे जेमतेम नऊ रेणू वाट्याला येतात. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागते तेव्हा पाण्याची अवस्था अशीच झालेली असते. प्रत्येक आयनाला स्वतःभोवती पाण्याचे पुरते कडे करायला जागाच उरत नाही, आणि विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना खेटतात.

या खेटण्यालाच आयनांची जोडी म्हणतात. ही कल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ नील्स ब्येरुम यांनी १९२६ साली मांडली. अशा जोडीत कायमचा बंध नसतो, केवळ विद्युत आकर्षण असते. कधी दोघांच्या मध्ये पाण्याचा रेणूही असतो, आणि अत्यल्प काळात जोडीदार बदलतो. ‘युगुल’ म्हटले की मराठी कानाला प्रेमी युगुल ऐकू येते आणि त्यात एकनिष्ठा गृहीत धरली जाते. बैलांची जोडी मात्र जुवापुरती असते, संध्याकाळी ती सुटते. म्हणून ‘जोडी’.

समतोल का सरकतो हे कळले तर वाक्यरचनाही सोपी होईल. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम आयन कार्बोनेटशी जोड्या करतात, त्यामुळे मोकळे कार्बोनेट कमी पडते आणि ती तूट भरण्यासाठी बायकार्बोनेट आपला हायड्रोजन आयन अधिक सहजतेने सोडते आणि त्याचे कार्बोनेट होते. गोड्या पाण्यात या टप्प्याचा पीके (आम्लाचे बळ दाखवणारा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल जोरकस) २५ अंशांना १०.३ असतो, समुद्राच्या पाण्यात या जोड्या आणि एकूणच आयनांची दाटी मिळून तो ९च्या आसपास येतो. म्हणजे आम्ल म्हणून बायकार्बोनेट तिथे वीसेक पट जोरकस ठरते. (सामू मोजण्याचे उपकरण विरल द्रावणांवर जुळवलेले असेल, तर मिठागराच्या पाण्यात त्याचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये.) ‘ढळतो’ किंवा ‘बिघडतो’ न लिहिता ‘सरकतो’ लिहिले आहे ते उत्तम, कारण समतोल मोडत नाही, त्याची जागा बदलते.

तेव्हा वाक्य मी असे लिहीन: ‘लवणांच्या संहत द्रावणात आयनांच्या जोड्या बनतात आणि त्यामुळे आम्ल-आम्लारी समतोल सरकतो.’