उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात थोरल्या मुलावर अन्याय होत नाही का?

आपण विचारले आहे की, लूकच्या शुभवर्तमानातील या गोष्टीत वडील सर्व काही उडवून परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी घालतात आणि घरी राबणाऱ्या थोरल्याला कधी साधे करडूही देत नाहीत. मग देवाचे प्रेम सर्वांवर सारखेच असेल, तर प्रामाणिक राहण्याचा उपयोग काय? पहिल्या भागाला माझे उत्तर होकारार्थी आहे. त्या दिवशी थोरल्याच्या बाबतीत चूक झाली, आणि ती चूक प्रवचनात कोणी मान्य करीत नाही म्हणूनच हा दृष्टांत आमच्या घराघरांत सेवा करणाऱ्यांचे तोंड बंद करण्यासाठी वापरला जातो.

पंधराव्या अध्यायाचे पंचविसावे वचन सावकाश वाचून पाहावे. थोरला शेतात आहे. वासरू कापले गेले, शिजले, वाजंत्री आली, नाच सुरू झाला, आणि एवढ्या वेळात त्याला बोलावण्यासाठी शेतावर एकही माणूस धाडला गेला नाही. आपला भाऊ परत आला हे त्याला घरच्या चाकराकडून कळले. त्यातही बाराव्या वचनात वडिलांनी मालमत्ता दोघांत वाटून दिली असे स्पष्ट म्हटले आहे, आणि जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१:१७ प्रमाणे ज्येष्ठाला दुप्पट वाटा मिळे. म्हणजे धाकटा आपला तिसरा हिस्सा घेऊन गेल्यावर मागे जे उरले, ते वडील हयात असेपर्यंत त्यांच्या ताब्यात असले तरी, थोरल्याचेच होते. वासरूही त्यातलेच.

हे मी इतक्या तावातावाने का लिहीत आहे, ते सांगते. आमचे घर गोव्याच्या पेडणे तालुक्यात. वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले तेव्हा मी थोरली, अविवाहित आणि जवळच्याच शाळेत शिक्षिका, त्यामुळे त्यांचे सर्व काही माझ्याकडे आले. तसे कोणी ठरवले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते. धाकटा भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. काही काळ पैसे आले, मग पैसे थांबले, मग फोनही थांबले, आणि वडिलांच्या मरणाला तो आला नाही. जहाजावर असलेल्या माणसाला निघता येत नाही हे गोव्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, परंतु तो त्या वेळी जहाजावर नव्हता.

पुढे एका मे महिन्यात तो बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि आईने त्याच आठवड्यात अंगणातल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादाईन ही गायनासह होणारी सामुदायिक प्रार्थना ठेवली. व्हायोलिनवाले आले, लॅटिन प्रार्थना सुरू झाली, शेजारीपाजारी अंगणात मावेनात. लादाईन म्हटली की उकडलेले चणे आलेच. आदल्या रात्री भिजत घातलेले ते चणे मी मागच्या चुलीवर मोठ्या टोपात शिजवीत होते. खोबऱ्याचे काप करून ठेवले होते, पण दाणा बोटांत दाबून पाहावा तर मधोमध अजून कडकच. मला बाहेर कोणी बोलावले नाही. आई एकदा आत आली, मीठ कमी आहे म्हणाली आणि गेली. मग बार्देशहून आलेले मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन, अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थोरल्या पुत्रासारखी रुसून राहू नकोस, बाय. प्रेमात हिशेब नसतो." मी रुसले नव्हते. चणे शिजले नव्हते.

मामांचे ते वाक्य मला आजही मान्य नाही. प्रीती अपकाराचा हिशेब ठेवीत नाही, असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले आहे (१ करिंथ १३:५). केलेल्या कष्टांचा हिशेब ठेवू नये, असे त्याने कोठेही लिहिलेले नाही. ही दोन विधाने एक करून टाकणे सोयीचे असते, विशेषतः ज्यांनी कष्ट केलेले नसतात त्यांना.

दृष्टांतातला बाप मामांसारखे बोलत नाही. थोरला संतापून आत यायला नकार देतो, तेव्हा हा बाप भरल्या पंगतीतून उठून बाहेर येतो, त्याची विनवणी करतो, त्याची करडाची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि हिशेबाला हिशेबानेच उत्तर देतो: मुला, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस आणि जे माझे ते सर्व तुझेच आहे. धाकट्याला पाहून जो धावत गेला, तोच थोरल्यासाठीही उंबरठा ओलांडतो. देवाच्या प्रेमाविषयी मला या अध्यायातून जे कळले ते एवढेच की, माणूस जेथे अडून बसला असेल तेथे ते येते, मग तो दूर देशीचा उकिरडा असो की आपल्याच घराची मागची बाजू. थोरला पुढे आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. येशू पाप्यांबरोबर जेवतो म्हणून दुसऱ्या वचनात कुरकुरणारे परुशी आणि शास्त्री, म्हणजे नियमांना काटेकोर असलेले धर्मपुढारी, समोरच होते. उत्तर त्यांनी द्यायचे होते.

चर्चमध्ये हे वाचन दर तिसऱ्या वर्षी, तीन वर्षांच्या वाचनक्रमातील क वर्षात, प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, चौथ्या रविवारी येते. २०२५ मध्ये ते ३० मार्चला आले. मी ऐकलेली बहुतेक प्रवचने बापाच्या मिठीपाशी संपतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली देवाच्या दयेवर लिहिलेल्या परिपत्रकातही भर धाकट्यावरच आहे. मात्र १९८४ मध्ये समेट आणि पश्चात्ताप यांवर लिहिताना त्यांनीच प्रत्येक माणूस हा थोरला भाऊसुद्धा आहे असे म्हटले, आणि ते मला अधिक पटते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे प्रामाणिकपणाचा उपयोग, याबद्दल माझ्याजवळ फार काही नाही. उपयोगाची भाषा थोरल्याचीच आहे. इतकी वर्षे मी तुझी चाकरी करतो असे तो म्हणतो, आणि बाप त्याला चाकर मानीतच नाही. भावाच्या नावावर वेश्यांचा उल्लेखही तो स्वतःच्या पदरचा घालतो, तेथे त्याची बाजू मी घेणार नाही. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे एखादे फादर याहून निराळे सांगतील तर तेही अवश्य ऐकावे. भावाशी माझे बोलणे आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

परंतु आपला प्रश्न मुळात घरातल्या वाटणीतून उभा राहिला असेल, तर वाटणी आणि दृष्टांत एकमेकांपासून दूर ठेवावेत. गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे मुले असतील तर आई-वडिलांना आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच भागाचे मृत्युपत्र मनाप्रमाणे करता येते. उरलेला अर्धा मुलामुलींना सारखा जातो, मग सेवा कोणीही केलेली असो. मला हा कायदा मान्य आहे आणि भावाचा वाटा मी कधी अडवलेला नाही. आपल्या हातातल्या अर्ध्या भागाचे काय करायचे ते मात्र एकट्या आईने ठरवायचे होते, आणि नेमके तेव्हाच मामा पुन्हा पंधरावा अध्याय घेऊन हजर झाले. मी त्यांना एकतिसावे वचन सर्वांसमोर मोठ्याने वाचायला सांगितले. चष्मा आणला नाही, असे ते म्हणाले.