खानापूर तालुक्यात राहतो, अक्कलदाढ सरकारी दवाखान्यात काढून मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, खालची उजवी अक्कलदाढ अर्धीच वर आलेली, काही महिन्यांत दुसऱ्यांदा गाल सुजला. खाजगी दवाखान्यात 'ऑपरेशन करून काढावी लागेल' म्हणून आठ हजार सांगितले. सरकारी दवाखान्यात होईल का, आणि त्यासाठी काय करायचं?

होईल. पण सगळे सरकारी दवाखाने सारखे नसतात आणि सगळ्या अक्कलदाढाही सारख्या नसतात. कुठली दाढ कुठे निघते हे आधी जुळवलं नाही तर माणूस तीन-चार खेपा घालतो, प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते आणि शेवटी कंटाळून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर दिवस काढतो. म्हणून आधी दाढेचं बघू.

वरची अक्कलदाढ बहुतेक वेळा सोपी असते. तिथलं हाड मऊ, त्यामुळे भूल दिल्यावर चिमट्याने थोड्या वेळात निघते. खालचा जबडा मात्र घट्ट हाडाचा आणि मागे जागा कमी. दाढ पुढच्या दाढेवर कललेली असते (हा प्रकार सगळ्यांत जास्त), कधी पूर्ण आडवी झोपलेली असते, कधी मागच्या बाजूला कललेली. मागे कललेली वरून बघायला साधी वाटते, पण काढायला तीच जास्त त्रास देते, कारण तिची बाहेर पडायची वाटच जबड्याच्या उभ्या हाडात अडकलेली असते. खालची दाढ पूर्ण वर आलेली, सरळ आणि साध्या मुळांची असेल तर तालुका रुग्णालयातले दंतवैद्य ती काढतात. अर्धी हिरडीत किंवा हाडात असेल तर हिरडी उघडून, थोडं हाड कोरून, दाढेचे दोन-तीन तुकडे करून काढावी लागते. त्याला मुखशल्यचिकित्सक, म्हणजे ज्यांना आपण ओरल सर्जन म्हणतो ते, आणि त्यांची हत्यारं लागतात. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराचं वाटतं.

म्हणून खानापूरच्या तालुका रुग्णालयात जा, पण दाढ तिथेच निघेल असं धरून जाऊ नका. तिथे दोन कामं करून घ्यायची: सूज उतरवणारे उपचार आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी. चिकोडी, अथणी, गोकाक, बैलहोंगल इकडच्या वाचकांनाही हेच लागू. दंतवैद्य शिबिराला किंवा मीटिंगला गेलेले असू शकतात, तेव्हा आदल्या दिवशी गावातल्या आशाताईंकडून चौकशी करून निघा.

चिठ्ठी घेऊन पुढे बेळगावचं सिव्हिल, म्हणजे बिम्स. तिथे दंतविभाग आहे. सर्जन कुठल्या वारी शस्त्रक्रिया करतात हे पहिल्याच दिवशी विचारून त्याच वारची तारीख घ्या. दुसरा रस्ता बेळगावातल्या दोन दंत महाविद्यालयांचा: केएलईचं विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय. ही सरकारी नाहीत, संस्थांची आहेत, पैसे भरावे लागतात. पण पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. विद्यार्थी म्हणून घाबरू नका. अडलेली दाढ काढायला वेळ थोडा जास्त लागेल, पण सोबत शिकवणारे सर्जन असतात, एक्स-रे आणि हत्यारं तिथेच असतात. बिम्समध्ये तारीख लांबची मिळाली तर मी तरी महिनाभर थांबण्यापेक्षा हाच रस्ता धरायला सांगेन. निपाणी भागातल्या लोकांना बेळगावपेक्षा कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं, त्यांनी तिकडे चौकशी करायला हरकत नाही.

आता सुजेबद्दल, कारण सगळ्यात जास्त फेऱ्या इथे वाया जातात. गाल सुजलेला असताना लोक म्हणतात, आजच काढून टाका. डॉक्टर नाही म्हणतात आणि माणूस रागावून परततो. डॉक्टर टाळाटाळ करत नसतात. अर्धवट दाढेवर हिरडीची एक झडप असते, तिच्याखाली अन्न अडकून कुजतं आणि जंतू वाढतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे भुलीचं इंजेक्शन तिथे नीट लागत नाही. शिवाय जबड्याचे स्नायू आखडून तोंड उघडत नाही, मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणार कसं? घरी एक परीक्षा करा: तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावतात का बघा. मावत नसतील तर आधी उपचार, मग दाढ.

हे उपचार म्हणजे झडपेखालची जागा सलाइनने धुणं, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा (पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा), क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश, आणि ताप किंवा जास्त सूज असेल तर प्रतिजैविकं. वरची दाढ त्या सुजलेल्या झडपेवर चावत असेल तर कधी आधी वरचीच काढतात, त्याने लगेच आराम पडतो. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि लिहून दिलेली अर्ध्यावर सोडू नका. मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर त्या दिवसांत दारू पूर्ण बंद, नाहीतर उलट्या आणि धडधड सुरू होऊ शकते. बाहेरून गालाला गरम शेक देऊ नका. दुखऱ्या दाढेत तंबाखू, मशेरी किंवा कुटलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी भरणंही नको, हिरडी भाजते आणि आतलं दुखणं तसंच राहतं.

आणि खरी चूक यापुढे होते. पाच-सहा दिवसांत दुखणं थांबतं, शेतीची कामं निघतात, दाढ विसरली जाते. झडप आहे तोवर सूज परत येणार. तुम्हाला दोनदा आलीच आहे. तोंड उघडायला लागलं, दुखणं बसलं, की हीच काढायची वेळ.

एक्स-रेशिवाय अडलेली दाढ कुणी काढायला घेऊ नये. छोटी फिल्म बहुतेक ठिकाणी निघते, पण खालच्या अक्कलदाढेला ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे लागतो. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ती ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. ओपीजीत तिच्या नळीच्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात. मुळाजवळ ती रेघ तुटलेली, वळलेली किंवा मूळ तिथे काळपट दिसलं, तर नस चिकटून असण्याची शक्यता धरतात आणि सीबीसीटी नावाचं स्कॅन सांगतात. काही वेळा फक्त दाढेचा वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवतात. एक्स-रेची फिल्म किंवा मोबाइलवरचा फोटो जपून ठेवा, नाहीतर दुसऱ्या ठिकाणी परत काढावा लागतो.

पहिल्या दिवशी आधार, रेशन कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन सकाळी लवकर पोचा, शक्यतो सोमवार टाळा. नोंदणीच्या खिडकीवर आणि चिठ्ठीवर कन्नड असेल. 'हल्लु नोवु' म्हणजे दातदुखी, 'बुद्धी हल्लु' म्हणजे अक्कलदाढ, एवढं आलं तरी योग्य खोलीत पोचाल. पुढे बेळगावात मराठी किंवा हिंदी समजणारं कुणीतरी भेटतंच. संमतिपत्र मात्र न समजता सही करू नका. 'मला मराठीतून वाचून सांगा' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यात ओठ किंवा जीभ बधिर राहण्याचा उल्लेख असतो, तो ऐकायलाच हवा.

मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाच्या झडपेचा आजार, औषधाची अ‍ॅलर्जी, गर्भारपण, हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं हे सगळं आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दात काढायचा म्हणून त्या सोडल्या आणि हृदयाचा झटका आला तर ती किंमत फार मोठी. रक्ताच्या साध्या तपासण्या सांगतील, त्या सिव्हिलमध्येच होतात.

काढायच्या दिवशी उपाशी जाऊ नका. ही शस्त्रक्रिया जागेपणी, जागा बधिर करून होते, पोटभर नाश्ता केलेला बरा. इंजेक्शननंतर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड वाटायला हवी. वाटली नाही तर तसं स्पष्ट सांगा, परत भूल देतात. दाब, ओढाताण आणि मशीनचा आवाज जाणवेल, तीक्ष्ण दुखणं जाणवता कामा नये. दाढेनुसार वीस मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो. उजवीकडची वरची दाढही काढायची असेल तर त्याच दिवशी करून घ्या, डाव्या बाजूने जेवता येतं. चारही एकदम मागू नका. सोबत कुणीतरी असू द्या, आणि कणकुंबी-जांबोटीकडे जायचं असेल तर परतीच्या बसची वेळ बघूनच तारीख घ्या.

आता पहिले तीन दिवस. कापसाचा बोळा पाऊण ते एक तास घट्ट चावून धरा. सारखा काढून बघू नका. त्या दिवशी चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. कारण दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते आणि जखम तिच्याखाली भरते. थुंकण्याच्या जोराने ती निघाली तर हाड उघडं पडतं. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, सगळं बरं होतंय असं वाटत असताना, कानापर्यंत ठणका आणि तोंडाला घाण वास सुरू होतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. यावर नुसत्या गोळ्या घेऊन भागत नाही. खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवली की दुखणं बरंच हटतं, तेव्हा परत जा.

हे होण्यात तंबाखूचा मोठा हात आहे. विडी, सिगारेट, गुटखा, मावा आणि मशेरीसुद्धा. आपल्याकडे पुष्कळ बायका मशेरीला तंबाखू समजतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. निदान आठवडाभर काहीही नको. गुटखा-मावा खाऊन ज्यांचं तोंड आधीच कमी उघडतं त्यांनी तर अक्कलदाढेच्या आधी तेच डॉक्टरांना दाखवावं, तो आजार वेगळा आणि जास्त गंभीर आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही ड्राय सॉकेटचा धोका वाढतो, म्हणून त्या चालू असतील तर सांगावं.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, कापडात गुंडाळून, दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आत घ्या, दुखायला लागल्यावर धावपळ नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाल जास्त दिसला म्हणून घाबरू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा सुरू करा. जेवण गार आणि मऊ: ताक, गार केलेली नाचणीची आंबील, कुस्करलेली इडली, मऊ खिचडी. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाणे, चिवडा आठवडाभर लांब. दाण्याचा तुकडा खड्ड्यात बसला की निघत नाही.

ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर डॉक्टरांना कळवून चिठ्ठीवर नोंद करून घ्या. बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संवेदना परत येते, कायमची जाणं क्वचित. पण हनुवटीखाली दोन्ही बाजूंना कडक सूज, गिळता न येणं, जीभ वर उचलली जाणं, श्वासाला त्रास, यातलं काहीही, दाढ काढण्याआधी असो की नंतर, रात्र-दिवस न बघता १०८ ला फोन करून सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत. ही सूज श्वासनलिका बंद करू शकते.

योजनांचं थोडक्यात. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण दाखल न होता ओपीडीत निघणाऱ्या दाढेला सहसा कार्डाची गरजच पडत नाही. तरी सोबत ठेवा. दंतभाग्य योजना कवळीसाठी आहे, यासाठी नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, पण तिचा भर मोठ्या उपचारांवर आहे. अक्कलदाढेसाठी तिची कागदपत्रं गोळा करत बसू नका. एखादं औषध बाहेरून आणायला सांगितलं तर जनऔषधी केंद्रात तेच स्वस्त मिळतं.

टाके काळ्या दोऱ्याचे असतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत. कुठले घातलेत ते निघताना विचारा. काळे असतील आणि जखमेला काही त्रास नसेल, तर चिठ्ठीवर तसं लिहून घ्या आणि टाके खानापुरातच काढून घ्या, बेळगावची एक खेप वाचेल.