आकाश सोडा, भिंत धरा

प्रश्न : मे महिन्यात मुलीकडे अ‍ॅरिझोनाला जाते आहे. तिथली अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ पाहायची आहे. सराव म्हणून कपिलेश्वराजवळच्या तापीकाठच्या घळींत फोटो काढले, पण आकाश पांढरं आणि दगड काळे येतात. तिथल्या वेड्या राघू पक्ष्याचा एकही फोटो धड आला नाही. काय चुकतं?
– एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर

उत्तर : ताई, सरावाची जागा नेमकी निवडलीत. फक्त तो दगड नव्हे, नदीने आणून टाकलेला गाळ आहे. म्हणून कडेवर उभं राहून फोटो काढू नका, दरड पायाखालून सुटते. अँटिलोपचा मात्र खरा वालुकाश्म. वाळूच्या टेकड्यांचाच दगड झाला आणि पुराच्या लोंढ्यांनी तो चिरत नेला.

आता आकाश. उन्हातलं आकाश आणि सावलीतली भिंत कॅमेऱ्याला एकदम पेलत नाही. एकाला सांभाळलं की दुसरं गेलंच. तेव्हा आकाश चौकटीतून सरळ काढून टाका. ऊन एका भिंतीवर पडतं, तिथून उसळून समोरच्या सावलीतल्या भिंतीवर जातं. रंग असतो तो त्या दुसऱ्या भिंतीवर. आपल्या घळीत तो हळदीसारखा, तिकडे केशरी-जांभळा. मोबाइल असेल तर चौकटीतल्या सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. कॅमेरा असेल तर रॉ फाइल घ्या, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर मात्र ठेवू नका, डेलाइटवर ठेवा. ऑटो त्या उबदार रंगाला दोष समजून धुऊन टाकतो. मी पहिली दोन वर्षं असेच धुतलेले फोटो लोकांना कौतुकाने दाखवत होतो.

एरवी मी दुपारी कॅमेरा बाहेर काढत नाही. पण अरुंद घळीत दुपारच हवी, ऊन तळाशी तेव्हाच उतरतं. अँटिलोपचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग, त्यातल्या अप्परमध्ये उन्हाचे ते प्रसिद्ध झोतही उन्हाळ्यात, दुपारी बाराच्या आसपासच दिसतात. ट्रायपॉड नेऊ देत नाहीत, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 800 ते 1600 ठेवून हाताने काढायची सवय इथेच करा. ती जागा नावाहो लोकांची, त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. पावसामुळे फेरी रद्द झाली तर मुलीला भांडू देऊ नका. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोपमध्ये 11 पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर.

राहिला वेडा राघू. दरडीतली ती गोल भोकं त्याचीच घरटी. एकदा मी भोकापासून दहा फुटांवर तासभर बसलो होतो. राघू चोचीत चतुर धरून बाभळीवर तसाच बसून. मेंढ्या चारणारे एक बाबा थांबले नि म्हणाले, "भाऊ, ती तुले देखी राहिनी, घरमा कशी जाई?" मी उठून पलीकडच्या काठावर गेलो. पाच मिनिटांत राघू आत.

तुम्हीही भोकाकडे लेन्स रोखू नका. तो रोज ठरावीक फांदीवर येतो, लांबून ती फांदी धरा. आणि तिथे लेन्स बदलू नका, ताई. तापीकाठची धूळ सेन्सरवर बसली की अ‍ॅरिझोनाच्या प्रत्येक फोटोत दिसेल.