वाचकांचे प्रश्न : स्ट्युअर्ट म्हणजे राजा की कारभारी?

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही साताऱ्याचे, शाहूपुरीत राहतो. मुलगा ग्लासगोला नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा सांगत होता की त्याच्या टीममधे अकरा जणांत तीन स्ट्युअर्ट आहेत आणि तिघं एकमेकांचे कोणीच नाहीत. एकजण म्हणतो आमचं आडनाव राजाचं. दुसरा हसून म्हणतो कसला राजा, डुकरं राखणाऱ्याचं आडनाव आहे ते. खरं कोणाचं धरायचं? — एक वाचक, सातारा

उत्तर : काका, राजावाला खोटं बोलत नाहीये, पण तो शेवटापासून सांगतोय. डुकरांची गोष्ट मात्र उगाच आहे. जुन्या इंग्रजीत 'स्टिग' म्हणजे मोठं घर, वाडा, आणि 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. आता इंग्रजीत डुकरांच्या कोंडीला 'स्टाय' म्हणतात, कानाला जवळजवळ तसंच लागतं, म्हणून कोणीतरी ही गंमत जुळवली आणि ती चिकटली. स्टिवर्ड म्हणजे साध्या मराठीत कारभारी. (आपल्याकडं घरधनीण नवऱ्याला कारभारी म्हणते तो नाही, खराखुरा, पगारी नाहीतर वतनी.) कोठीत किती धान्य, पंगतीला कोण कुठं बसणार, वसुली किती आली, नोकर किती, सगळं त्याच्या हातात. शेवटी 'ड' चा 'ट' झाला तो स्कॉटलंडच्या बोलीमुळं.

आता घराणं. हे लोक मुळात स्कॉटिश नाहीतच, हे मुलाच्या मित्राला सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी आहे, तिथल्या डोल गावचे हे, आणि तिथंही वाडवडील कारभारीच. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीच्या काळात ॲलन नावाचा एकजण इंग्लंडात आला, त्याला वेल्सच्या सीमेवर जमिनी मिळाल्या. त्याच्या धाकट्या मुलांपैकी एक वॉल्टर. धाकट्याला वाटणीत काय येणार, म्हणून तो ११३६ च्या सुमारास नशीब काढायला उत्तरेला गेला आणि स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या पदरी राहिला. पुढं राजा चौथा मॅल्कम यानं त्या घराण्याला कारभारीपद वंशपरंपरेनं लिहून दिलं. मॅल्कम नाव ओळखीचं वाटलं ना? महाबळेश्वरची मालकम पेठ आठवा. ती अर्थात मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या नावाची, तो १८२७ ते १८३० गव्हर्नर होता, पण तोही स्कॉटलंडचाच आणि नाव तेच.

आडनाव असं तेव्हा नव्हतंच. ॲलनचा वॉल्टर, वॉल्टरचा ॲलन, एवढंच. पद पिढ्यान् पिढ्या एकाच घरात राहिलं तसं लोक पदावरनंच ओळखायला लागले आणि पदाचंच आडनाव झालं. हे आपल्याला शिकवायला नको, फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस सगळे असेच झालेत.

मग राजा कुठनं आला? सहावा कारभारी, तोही वॉल्टरच, यानं १३१५ साली राजा रॉबर्ट ब्रूसची मुलगी मार्जरी हिच्याशी लग्न केलं. तिला १३१६ मधे मुलगा झाला, रॉबर्ट, आणि ती गेली. पुढं म्हाताऱ्या ब्रूसला मुलगा झाला, डेव्हिड, म्हणजे मामा भाच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान! या मामाला मूलबाळ झालं नाही, तो १३७१ ला वारला आणि भाचा पंचावन्नाव्या वर्षी गादीवर बसला. तेव्हापासून १७१४ ला राणी ॲन जाईपर्यंत स्ट्युअर्ट राज्य करत होते, मधली अकरा वर्षं राजाच नव्हता ती सोडून, आणि १६०३ पासून तर इंग्लंडवर पण.

साताऱ्यात बसून हे वाचताना पेशवे आठवणारच. शाहू महाराजांनी १७१३ ला बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, ते घरात राहिलं, भटांचे पेशवे झाले, कारभार पुण्याला गेला. पण एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, पेशवा कितीही मोठा झाला तरी वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडनंच यायची, गादीवर तो कधी बसला नाही. स्कॉटलंडमधे कारभारी गादीवर बसला, पण बंड करून नाही, आईच्या नात्यानं. आणि मजा अशी की राजा झाल्यावरही ते जुनं पद मोडीत काढलं नाही, आज गादीच्या वारसाला ज्या पदव्या मिळतात त्यात 'स्कॉटलंडचा कारभारी' ही पण आहे, म्हणजे सध्या प्रिन्स विल्यमकडं.

मुलाला सांगा, ग्लासगोला लागूनच पेझली आहे, ट्रेननं जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या वॉल्टरनं ११६३ ला तिथं मठ स्थापला, त्याचं ॲबी (म्हणजे मठाचं चर्च) अजून उभं आहे आणि मार्जरीची कबर पण तिथंच दाखवतात. रविवारी त्या तीन स्ट्युअर्टांना घेऊनच जा म्हणावं.

प्रश्न : स्टुअर्ट आणि स्ट्युअर्ट अशी दोन स्पेलिंगं दिसतात, ही दोन घराणी का? क्रिकेटमधला स्टुअर्ट बिन्नी यांच्यातलाच का? — एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : आडनाव एकच रे. जुन्या फ्रेंचमधे 'डब्ल्यू' जवळपास वापरातच नव्हता, म्हणून तिथं गेलेल्या स्ट्युअर्टांनी 'यू' घातला. स्कॉटलंडची राणी मेरी १५४८ साली पाच वर्षांची असताना फ्रान्सला गेली, तिथंच वाढली, तिच्यामुळं ते स्पेलिंग राजघराण्यात पक्कं झालं. आपल्या चव्हाणांची इंग्रजीत किती स्पेलिंगं आहेत ते तुझ्या वर्गाच्या हजेरीत बघ. बिन्नीचं ते पहिलं नाव आहे, आडनावाचं पुढं नाव पण झालं त्यातला प्रकार. स्टुअर्ट ब्रॉडचं तेच. ॲलेक स्ट्युअर्टचं मात्र आडनाव. आणि बांगलादेशविरुद्ध २०१४ ला ४ धावांत ६ विकेट कोणी काढल्या होत्या ते तुला माहीत असेलच.

प्रश्न : आमचं घर विट्याचं, गलाईवाले. आजोबा सोन्याच्या गलाईच्या कामाला तमिळनाडूत गेले, आता आमचे भावकीतले लोक भारतभर आहेत. स्ट्युअर्ट पण असेच जगभर आहेत म्हणतात. ते सगळे राजाच्या रक्ताचे का? आणि बाहेर गेले कसे? — एक वाचक, विटा

उत्तर : सगळे राजाचे कसे असतील? सांगली जिल्ह्यात दगड भिरकावला तर पाटलाला लागतो, म्हणून सगळ्यांच्या घरी पाटीलकी होती का? स्कॉटलंडमधे राजासारखे प्रत्येक मोठ्या सरदाराचे, मठाचे पण कारभारी असायचे, त्यांच्या पोरांना पण हेच आडनाव लागलं. त्यात राजघराण्याची अनौरस पोरं कमी नव्हती. दुसऱ्या रॉबर्टचा मुलगा अलेक्झांडर, ज्यानं १३९० ला एल्गिनचं कॅथेड्रल जाळलं, त्याच्या अनौरस मुलांपासून तर उत्तरेत स्ट्युअर्टांच्या शाखाच निघाल्या. दुसऱ्या टोकाला, गावोगाव फिरून कथलाची भांडी करणारे, नदीत मोती शोधणारे जे भटके लोक तिथं आहेत त्यांच्यात पण स्ट्युअर्ट भरपूर. राजा आणि पालावरचा माणूस, आडनाव एकच.

बाहेर जाणं बहुतेक वेळा पोटासाठी नाहीतर तलवारीसाठी. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांविरुद्ध लढायला स्कॉट लोक फ्रान्सला गेले, १४२१ च्या बोझेच्या लढाईत त्यांचा सेनापती जॉन स्ट्युअर्ट होता आणि नंतर फ्रान्सनं त्याला आपला सरसेनापती केला. मग १६०९ नंतर राजानं उत्तर आयर्लंडमधे, अल्स्टरला, स्कॉट लोक नेऊन वसवले, तिथं टिरोन परगण्यात स्ट्युअर्टस्टाउन नावाचं गावच आहे. जमीन, भाडं, धर्माची कटकट यानं त्यांचीच पोरंनातवंडं अठराव्या शतकात अमेरिकेला गेली, पेनसिल्व्हेनियात उतरली आणि तिथनं दक्षिणेकडं सरकत गेली. १७४६ ला स्कॉटलंडमधल्या कल्लोडनच्या लढाईत ॲपिन भागातले स्ट्युअर्ट सरकारविरुद्ध लढून हरलेल्या बाजूला होते, त्यानंतर डोंगरी भागातली जुनी व्यवस्थाच मोडली, पुढं मेंढरांसाठी माणसं हुसकली गेली, मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला स्ट्युअर्ट बेट आहे, ते एका जहाजवाल्या स्ट्युअर्टच्या नावाचं. तुमच्यात आणि त्यांच्यात एक फरक मला दिसतो, गलाईवाला कुठंही गेला तरी गावच्या जत्रेला विट्याला येतो, यांच्यात परत येणारे थोडेच होते.

प्रश्न : इष्टूर फाकडा म्हणतात तो याच आडनावाचा का? — कराडहून एक आजोबा

उत्तर : हो आजोबा, तोच. कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईची फौज राघोबादादांना घेऊन घाट चढून पुण्याकडं निघाली त्यात हा होता, जानेवारी १७७९ मधे कार्ल्याजवळ मारला गेला आणि त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. स्टेशनचं जसं इस्टेशन होतं तसं स्ट्युअर्टचं इष्टूर झालं, आणि शत्रू असून दिलेरीनं लढला म्हणून आपल्याच लोकांनी त्याला फाकडा जोडलं. त्याचं स्मारक वडगाव मावळला आहे, पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं गेलात तर वडगावला उतरा.